बॉल पायथनच्या पेटीतील आर्द्रता: तळाचा थर कसा निवडावा आणि कसा राखावा

बॉल पायथन या आफ्रिकी सापाची कात सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी निघू लागली, शेपटीच्या टोकाशी किंवा डोळ्यांवर जुनी त्वचा अडकून राहू लागली, की पाळणारे बहुतेक जण फवारणीची बाटली हातात घेतात. फवारल्यावर थोडा वेळ हवा दमट होते, पृष्ठभाग भिजतो, आणि मापकावरचा आकडा काही तासांत पुन्हा होता तिथे येतो. पेटीतील आर्द्रता दिवसरात्र एका पातळीवर धरून ठेवण्याचे काम तळाला पसरलेल्या थराकडून, म्हणजे पाळणारे ज्याला सबस्ट्रेट किंवा बेडिंग म्हणतात त्याच्याकडून, करून घ्यायचे असते. हा थर म्हणजे सापाचे अंथरूण, असे समजून निवड केली तर दिसायला स्वच्छ आणि झाडायला सोपा माल घरात येतो. तो पाण्याचा साठा आहे असे समजून निवड केली, तर पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

साहित्याकडे वळण्यापूर्वी कायद्याचा मुद्दा स्पष्ट असावा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मांडूळ, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथन ही आफ्रिकेतील प्रजाती असून ती साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीमुळे अशा विदेशी प्रजातींची नोंदणी बंधनकारक झाली आहे आणि ती केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरून करावी लागते. त्यामुळे पुढील मजकूर नोंदणीकृत विदेशी साप पाळणाऱ्या भारतातील वाचकांसाठी, तसेच अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांत तिथल्या नियमांनुसार साप पाळणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे.

बॉल पायथनचा नैसर्गिक प्रदेश पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंत पसरलेला आहे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून त्याची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत आली आहे. हा प्रदेश बराचसा गवताळ माळरानाचा असल्यामुळे, या सापाला कोरडी हवा मानवते असा समज पूर्वी रूढ होता. प्रत्यक्षात हा साप दिवसाचा वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांनी खणलेल्या बिळांत आणि वारुळांत घालवतो, आणि जमिनीखालची ती हवा माळावरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक दमट असते. म्हणून पेटीत साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता राखावी, असे आज सांगितले जाते. मात्र बिळातील माती दमट असली, तरी सापाच्या पोटाखाली चिखल नसतो. पहिल्या पावसानंतर दोन दिवसांनी अंगणातील माती जशी वरून कोरडी दिसते आणि बोटभर उकरली की ओली लागते, तशी स्थिती पेटीत कायम राखणे हे आपले उद्दिष्ट आहे.

आर्द्रता का पडते

आर्द्रतामापकावर दिसणारा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा असतो. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्ष किती वाफ आहे, एवढेच तो सांगतो. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, तर ३० अंशांच्या हवेत सुमारे ३० ग्रॅम. खोलीतील हवा २० अंशांची आणि ७० टक्के आर्द्रतेची असेल, आणि तीच हवा पेटीत येऊन ३० अंशांपर्यंत तापली, तर पाण्याचा एक कणही कमी न होता मापकावर जेमतेम ४० टक्के दिसतील. याचा अर्थ असा की, उष्णतेचे साधन असलेल्या प्रत्येक पेटीत आर्द्रतेची तूट अटळ आहे आणि ती सतत भरून काढावी लागते. थरातील पाणी हळूहळू वाफ होऊन वर येत राहिले, तर ही तूट आपोआप भरते. थर पातळ किंवा पाणी न धरणारा असेल, तर माणसाला दिवसातून चार वेळा बाटली घेऊन उभे राहावे लागते.

चांगल्या थराकडून म्हणूनच चार अपेक्षा असतात. त्याने पाणी भरपूर शोषावे, ते सावकाश सोडावे, ओला राहूनही तो लवकर कुजू किंवा बुरसटू नये, आणि तो सापाच्या त्वचेला, फुफ्फुसांना व भक्ष्याबरोबर चुकून गिळला गेल्यास पोटाला अपाय करणारा नसावा.

साहित्याची पारख

माझी पहिली पसंती नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांना आहे. बाजारात ते कोकोनट हस्क चिप्स किंवा कोको चिप्स या नावाने मिळतात. सोडणाचा तंतुमय गर पाणी चांगले धरतो, तुकड्यांमधील पोकळीमुळे हवा खेळती राहते आणि वरचे तुकडे लवकर कोरडे होतात, त्यामुळे साप ओल्यावर बसून राहत नाही. सोडणात लिग्निनचे, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या घटकाचे, प्रमाण जास्त असल्याने हे साहित्य कुजायलाही वेळ घेते. कोकण, गोवा आणि केरळ येथे राहणाऱ्यांना हा माल मुबलक आणि स्वस्त मिळू शकतो. मात्र सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवलेली असण्याची शक्यता असल्याने ती आणल्यावर साध्या पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, दोन-तीन वेळा धुवावीत. अंगणात पडलेली सोडणे स्वतः तोडून वापरायची असतील, तर धारदार कडा आणि करवंटीचे तुकडे काढून टाकावेत व मुंग्या आणि किडे राहू नयेत म्हणून ती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवावीत.

कोकोपीट म्हणजे काथ्या काढल्यानंतर उरणारा बारीक भुसा. तो दाबलेल्या विटांच्या रूपात मिळतो. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून साधारण आठ लिटर माल देते. पाणी धरून ठेवण्यात तो तुकड्यांपेक्षा सरस आहे, परंतु एकटा वापरल्यास त्याचे दोन दोष जाणवतात. पूर्ण वाळला की तो धुळीसारखा उडतो व सापाच्या नाकपुड्यांत आणि ओठांच्या कडांवर बसतो, तर फार ओला राहिला की त्याचा दाट, हवा न खेळणारा गोळा होतो. म्हणून दोन भाग तुकडे आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करावे. बारीक भुसा खाली बसून पाणी साठवतो आणि वरच्या तुकड्यांमुळे पृष्ठभाग कोरडा राहतो. रोपवाटिकेतून माल घेताना तो धुतलेला, कमी क्षारांचा आहे याची खात्री करून घ्यावी, आणि खत किंवा कीटकनाशक मिसळलेली तयार कुंडीची माती कधीही आणू नये.

अमेरिकेत राहणाऱ्यांना सायप्रस मल्च, म्हणजे सायप्रस वृक्षाच्या लाकडाचा भरड चुरा, सहज मिळते. तेही ओल चांगली धरते आणि बुरशीला दाद देत नाही, परंतु पिशवीत इतर लाकडांची भेसळ आहे का, हे वाचून घ्यावे लागते. लुइझियानातील दलदलींतले सायप्रसचे वृक्ष मल्चसाठी तोडण्याला तेथील पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतलेला आहे, आणि नारळाचे सोडण हा तसाही वाया जाणारा माल असल्याने दोन्ही उपलब्ध असतील तर मी नारळाकडेच बोट दाखवीन.

स्फॅग्नम मॉस हे वाळवलेले शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या अनेक पटींनी पाणी शोषते. संपूर्ण तळ त्याने भरण्याची गरज नाही आणि ते परवडणारेही नाही. त्याचा खरा उपयोग दमट आडोशासाठी होतो, ज्याविषयी पुढे सांगितले आहे. सुके मॉस हाताळताना हातमोजे घालावेत, कारण त्यात क्वचित स्पोरोट्रिक्स ही बुरशी असते आणि ती हातावरील ओरखड्यांतून माणसाला संसर्ग करू शकते.

माती, वाळू आणि कोकोपीट यांचे मिश्रण करून, त्यात स्प्रिंगटेल व आयसोपॉड हे सफाई करणारे छोटे जीव सोडून जिवंत थर तयार करण्याची पद्धत अलीकडे रुजली आहे. हे जीव बुरशी आणि विष्ठेचे अवशेष खातात, त्यामुळे थर दीर्घकाळ बदलावा लागत नाही. ही पद्धत उत्तम आहे, परंतु ती ओलाव्याचे गणित हाताला आलेल्या माणसासाठी आहे. पहिलाच साप आणि पहिलीच पेटी असेल, तर आधी साध्या मिश्रणावर एखादे वर्ष काढावे आणि मग तिकडे वळावे.

अस्पेनच्या लाकडाचा कीस अनेक दुकानांत सापांसाठीचे प्रमाणभूत बेडिंग म्हणून विकला जातो. उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेकसारख्या, ४० ते ६० टक्के आर्द्रतेत सुखाने राहणाऱ्या सापाला तो योग्य आहे. बॉल पायथनला मात्र तो कामाचा नाही, कारण ओला झाला की तो काही दिवसांत बुरसटतो. वर्तमानपत्र आणि टिश्यू पेपर यांनी ओल टिकत नाही, तरी त्यांची एक निश्चित जागा आहे. नवीन आणलेला किंवा आजारी साप स्वतंत्र ठेवताना तळाला पांढरा कागदच अंथरावा, म्हणजे विष्ठेतील बदल, रक्ताचा अंश किंवा गोचिडांसारखे काळे ठिपके लगेच दिसतात. त्या काळातील आर्द्रतेची गरज मॉस भरलेल्या डब्याने भागवता येते.

सीडर म्हणजे देवदारवर्गीय लाकडाचा भुसा कोणत्याही सापाच्या पेटीत घालू नये. त्याचा सुगंध देणारी तेले बंद हवेत साठून श्वसनमार्गाला आणि यकृताला इजा करतात. न वाळवलेल्या पाइनबद्दलही हीच सावधगिरी बाळगावी. कॅल्शियमची रंगीत वाळू, अक्रोडाच्या कवचांचा चुरा आणि मक्याच्या कणसांचा भरडा हे तिन्ही प्रकार पोटात गेल्यास आतडे तुंबवू शकतात व पाणीही नीट धरत नाहीत. कृत्रिम गवताचा किंवा कापडाचा गालिचा ओला राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्याच्या धाग्यांत सापाचे बारीक दात अडकण्याचा धोका असतो.

थर कसा घालावा

जाडी किमान ७ ते १० सेंटिमीटर असावी. पूर्ण वाढलेल्या सापासाठी वापरली जाणारी १२० × ६० सेंटिमीटर तळाची पेटी घेतली, तर ८ सेंटिमीटर जाडीसाठी जवळपास ५८ लिटर माल लागतो. खरेदीच्या वेळी हा हिशेब करून ठेवला नाही, तर एकच पिशवी आणून ती दोन सेंटिमीटरमध्ये पसरवण्याचा मोह होतो, आणि तसा पातळ थर एका दिवसात वाळून जातो. पेटी लाकडी किंवा प्लायची असेल, तर तळ आणि कडा आधी पाणी न झिरपणाऱ्या, विषारी नसलेल्या सीलंटने बंद कराव्यात आणि तो पूर्ण वाळून वास जाईपर्यंत साप आत सोडू नये.

मिश्रण बादलीत कोमट पाण्याने भिजवावे आणि मूठभर घेऊन घट्ट दाबावे. बोटांतून धार लागली तर ते फार ओले आहे, दोन-चार थेंब निघाले तर खालच्या थरासाठी योग्य आहे, आणि मूठ उघडताच ते विस्कटले तर अजून पाणी हवे. असे भिजवलेले मिश्रण खाली पाच-सहा सेंटिमीटर पसरून हलके दाबावे, आणि त्यावर कोरड्या तुकड्यांचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यावा.

पुढे पाणी घालायचे ते पेटीच्या कोपऱ्यांत, बारीक तोंडाच्या भांड्याने, सावकाश. असे ओतलेले पाणी काचेच्या कडेने तळाशी उतरते आणि तिथून सर्वत्र शोषले जाते, त्यामुळे वरचा थर कोरडा राहतो. वर सांगितलेल्या आकाराच्या पेटीत एका वेळी अर्धा ते एक लिटर पाणी घालून दुसऱ्या दिवशी मापक पाहावा आणि मगच पुढचे प्रमाण ठरवावे. काचेतून पाहिल्यावर तळाशी पाणी साचलेले दिसत असेल, तर ते अतिरिक्त आहे. अशा वेळी त्या जागेचा थर उकरून हवा लागू द्यावी. आठवड्यातून एकदा सगळा थर हाताने खालीवर केल्यास ओल सारखी पसरते आणि कुबट वास धरत नाही.

दमट आडोसा हा या व्यवस्थेचा पूरक भाग आहे. झाकणाच्या प्लास्टिक डब्याला सापाच्या जाडीच्या दीडपट रुंद भोक पाडून, त्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि आत पिळून घेतलेले मॉस भरावे. डोळे निळसर धुरकट दिसू लागले आणि अंगाचा रंग फिकट झाला, म्हणजे कात टाकण्याची वेळ जवळ आली, की साप आपणहून या डब्यात जाऊन बसतो. चिकटलेली कात, विशेषतः डोळ्यावरील पारदर्शक खवल्याची, नखाने किंवा चिमट्याने ओढू नये. आर्द्रता वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी, आणि तरीही ती निघाली नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे.

उष्णता, झाकण आणि मापक

जाड थर घातल्यावर पेटीखाली लावायच्या हीट मॅटचा विचार नव्याने करावा लागतो. ओला जाड थर उष्णता वर येऊ देत नाही, मॅटवरची काच अधिक तापते, आणि साप उकरत तळाशी गेला तर त्याचे पोट भाजते. म्हणून जाड थराबरोबर उष्णता वरूनच द्यावी, सिरॅमिक हीट एमिटर (प्रकाश न देता उष्णता देणारा दिवा) किंवा रेडियंट हीट पॅनेल (छताला लावायची उष्ण पट्टी) वापरावे, आणि कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, चालू ठेवू नये. उबदार बाजूची हवा ३० ते ३२ अंश आणि थंड बाजूची २४ ते २७ अंश राहिली पाहिजे. दमट पण थंड हवा कोरड्या हवेपेक्षाही घातक ठरते, कारण श्वसनाचा संसर्ग अशाच हवेत बळावतो.

काचेच्या टाकीवर पूर्ण जाळीचे झाकण असेल, तर कितीही चांगला थर घातला तरी वाफ वरून निघून जाईल. जाळीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याने किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाकावा. दिव्याखालची जागा आणि हवेसाठी एक पट्टी मोकळी ठेवावी. पीव्हीसीच्या, पुढून उघडणाऱ्या पेट्यांत ही अडचण सहसा येत नाही.

मापक डिजिटल आणि प्रोब (वायरच्या टोकाचा संवेदक) असलेला घ्यावा, गोल काट्याच्या चिकटवायच्या मापकांवर विसंबू नये. प्रोब थंड बाजूला, थरापासून थोडा वर बसवावा. नवीन मापक खरा आहे की नाही, हे घरच्या मिठाने तपासता येते. एका झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूइतका दाटपणा येईपर्यंत थोडे पाणी मिसळावे, ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात ठेवून सहा-आठ तासांनी आकडा पाहावा. संपृक्त मिठावरील हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के असते. मापक ७० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवून वाचावे.

ऋतू आणि गाव बदलले की पाण्याचे प्रमाणही बदलते. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या पुढे असते, तेव्हा कित्येक आठवडे पाणी न घालता निभते. झाकणावरील आच्छादन कमी करून हवा खेळती ठेवणे हेच त्या दिवसांत अधिक महत्त्वाचे असते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, आणि न्यू जर्सीतील हीटिंग चालू असलेल्या घरात जानेवारीत, परिस्थिती याच्या अगदी उलट होते. तिथे थराची जाडी १० सेंटिमीटरपर्यंत न्यावी, पाण्याचे रुंद भांडे उबदार बाजूकडे सरकवावे आणि गरज पडल्यास खोलीत ह्युमिडिफायर लावावा.

बिघाड ओळखणे आणि थर बदलणे

पांढरी, कापसासारखी बुरशी थराच्या एखाद्या कोपऱ्यात दिसली, तर तेवढा भाग भोवतालच्या चार बोटे मालासह काढून टाकावा आणि त्या बाजूची हवा वाढवावी. ती पुन्हा पुन्हा येत असेल, तर पाणी जास्त होत आहे. पोटावरील खवले लालसर किंवा तपकिरी होणे, त्यांखाली पाण्याचे फोड दिसणे ही पृष्ठभाग सतत ओला राहिल्याची खूण आहे. साप ताबडतोब कोरड्या कागदावर हलवून पशुवैद्याला दाखवावा. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज किंवा नाकातोंडातून फेस येणे, यांतही थांबू नये.

विष्ठा आणि युरेटचे (सापाच्या घट्ट मूत्राचे) पांढरे खडे दिसतील त्याच दिवशी, आजूबाजूच्या मालासह, काढावेत व तेवढा नवा माल भिजवून घालावा. भक्ष्य देताना ते चिमट्याने द्यावे किंवा सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवावे, म्हणजे थर तोंडात जात नाही. संपूर्ण थर साधारण तीन ते चार महिन्यांनी बदलावा. अमोनियाचा वास येऊ लागला किंवा माल काळपट, चिकट झाला तर त्याआधीच. जुना थर काढल्यावर पेटी गरम पाण्याने आणि सौम्य जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण कोरडी करूनच नवे मिश्रण घालावे, आणि मापक ६० टक्क्यांच्या वर स्थिरावल्याची खात्री झाल्यावर साप परत आत सोडावा.